सवलत दहावीला, गरज तिसरीला

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा होतो, भाषेत आणि गणितात सूट मिळते. देशातल्या बऱ्याच राज्यांच्या आधी आपण ही वाट धरली, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. मात्र हेच मूल तिसरीत असताना, एकेक अक्षर जुळवताना घामाघूम होत असताना, त्याला वेगळ्या रीतीने वाचायला कोणी शिकवले का, असे विचारले तर उत्तर फारसे समाधानकारक मिळत नाही. गेल्या तीस वर्षांतले शासन निर्णय, कायदे आणि निकाल एकत्र ठेवून पाहिले, की धोरणाचा सगळा भार परीक्षेवर आणि दाखल्यावर पडलेला दिसतो. सोलापूरसारखा बहुभाषी, कष्टकरी जिल्हा समोर ठेवला, की हा तोल किती गेला आहे ते अधिकच स्पष्ट होते.

आहे काय, नाही काय

बुद्धी सर्वसाधारण, कान-डोळे ठीक, शाळेत नियमित हजेरी, आणि तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादे कौशल्य वयाच्या मानाने खूपच मागे राहणे, याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिस्ग्राफिया आणि आकडेमोडीच्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया ही नावे आता शिक्षकांच्याही परिचयाची आहेत. इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा चलाख होता, गणितात चांगला होता, पण छापील शब्द त्याला लागत नसत. अमेरिकेत सॅम्युअल कर्क यांनी १९६३ मध्ये अशा मुलांसाठी ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा रूढ केली. बौद्धिक अक्षमता ही निराळी गोष्ट. दोन्हींची गल्लत शाळांत आजही होते आणि पालक बिथरतात ते बहुधा त्यामुळेच.

बोलणे माणसाला निसर्गतः येते. वाचन मात्र शिकावे लागते, कारण लिपी ही जेमतेम पाच हजार वर्षांची गोष्ट आहे. ऐकलेल्या शब्दाचे ध्वनी सुटे करणे, ते अक्षरांशी जोडणे आणि ही जोडणी इतकी सवयीची होणे की अर्थाकडे लक्ष देता यावे, अशी ही साखळी आहे. बहुतेक डिस्लेक्सिक मुलांची साखळी ध्वनी सुटे करण्याच्या पहिल्याच कडीशी अडते. हा कल घराण्यात चालतो. मुलाच्या तपासणीच्या वेळी ‘मलाही असंच व्हायचं’ असे म्हणणारे वडील तज्ज्ञांना नवे नाहीत. आळस, लाड, मोबाइल किंवा आईचे नोकरीला जाणे ही कारणे नव्हेत. ती फक्त सांगायला सोपी आहेत.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार शाळकरी मुलांत या अडचणींचे प्रमाण ५ ते १५ टक्के आहे. भारतातल्या पाहण्यांचे आकडे चाचणी, भाषा आणि इयत्ता यांप्रमाणे बरेच वरखाली होतात. खालचा आकडा धरला तरी चाळीस मुलांच्या वर्गात दोन मुले येतात. म्हणजे असे एकही मूल नाही अशी शाळा सापडणे कठीण. त्या मुलांना आपल्याकडे पूर्वापार एकाच अक्षराचे नाव आहे: ‘ढ’.

देवनागरीतली अडचण निराळी

या विषयावरचे बहुतेक संशोधन इंग्रजीवर झाले. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसल्याने डिस्लेक्सिक मूल चुकीचे वाचते आणि चटकन लक्षात येते. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे. त्यामुळे मूल चुकण्यापेक्षा रेंगाळते. बाराखडी घोकून पाठ असते, धडा ऐकून तोंडपाठ असतो, बोट ठेवून ‘वाचून’ही दाखवले जाते. तिसरी-चौथीत परिच्छेद लांबले, नवे शब्द वाढले, की पाठांतर पुरेनासे होते.

आपल्या लिपीचे खाचखळगेही आपलेच आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची, उच्चार मात्र नंतर. ‘सूर्य’ मधला र उच्चारात य च्या आधी, लिहिण्यात य च्या डोक्यावर. घ आणि ध, भ आणि म, ट-ठ-ढ या जोड्या डोळ्यांना फसवतात. जोडाक्षरे आली की आधी बसलेली घडीही विस्कटते. उलट ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर सगळेच करतात. तेव्हा मराठी माध्यमात ‘शुद्धलेखनाच्या चुका माफ’ ही सवलत वाटते तेवढी मोठी नाही. संथ वाचणाऱ्या मुलाला वेळ जास्त उपयोगी पडतो, आणि त्याहून उपयोगी पडते ते लवकर सुरू झालेले पद्धतशीर शिकवणे.

गणितातही हेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असे संख्यावाचन आले आणि राज्यभर टिंगलटवाळी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा सांगितले ते साधे होते: जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांना अवघड जातात आणि गणिताची भीती तिथेच धरते. लिहिताना आधी दोन, मग पाच. म्हणताना आधी पाच, मग वीस. सामान्य मूल हा उलटापालटीचा खेळ वर्षभरात पचवते. आकड्यांचा गोंधळ असलेले मूल तिथेच अडकते. चर्चा मराठीच्या अस्मितेवर गेली आणि मुलांचा मुद्दा बाजूला पडला.

चार भाषांचे शहर

सोलापुरात हा गुंता वाढतो. पूर्व भागातल्या विणकर पद्मशाली वस्तीत घरची भाषा तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड, शहराच्या अनेक मोहल्ल्यांत उर्दू-दख्खनी, आणि शाळा व बाजार यांची भाषा मराठी. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतही मराठीखेरीज इतर माध्यमे आहेत. तेलुगूत पंचवीसला ‘इरवै ऐदु’ आणि कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग पाच. घरी एक क्रम आणि मराठी शाळेत उलटा क्रम ऐकणारे मूल ५२ आणि २५ यांत गोंधळले, तर तो भाषांचा फरक की डिस्कॅल्क्युलिया? घरी उर्दू बोलणारे मूल ‘ळ’ आणि ‘ल’मध्ये, ‘च’च्या दोन उच्चारांमध्ये चाचपडले, तर ती अक्षमता की नवी भाषा शिकतानाची स्वाभाविक पायरी?

उत्तर मिळवण्याचा मार्ग एकच: मुलाला त्याच्या दोन्ही भाषांत तपासणे. अडचण दोन्हीकडे दिसली तर ती खरी अक्षमता असण्याचा संभव मोठा. ही कल्पना नवी नाही. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये बिने या बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर केले तेच मुळी मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत. ती बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांत वापरतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा भारतीय भाषांसाठीचा डिस्लेक्सिया चाचणीसंच आणला, त्यात हिंदी व इंग्रजीबरोबर मराठी आणि कन्नड होत्या. त्यात पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी शिक्षकांनी वापरायच्या प्राथमिक चाळण्या आहेत. म्हणजे मराठी आणि कन्नड शाळांसाठी हत्यार हाताशी होते. तेलुगू आणि उर्दू मुले त्या पहिल्या संचाबाहेर राहिली.

यावर गरिबीची घडी पडते. विडी वळणारी आई, यंत्रमागावर पाळ्या करणारा बाप, ऊसतोडीच्या हंगामात फडावर जाणारी कुटुंबे. अक्षमता ठरवताना ‘पुरेशी शाळा मिळालेली असावी’ अशी अट असते. वर्षातले पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर काढलेल्या मुलाबाबत ही अट कशी तपासायची? ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. वर्गातली निम्मी मुले वाचू शकत नसतील, तर ज्याची अडचण मेंदूच्या घडणीतून आली आहे ते मूल त्या गर्दीत दिसणारच नाही. इंग्रजी शाळेत ते एकटे मागे पडते म्हणून दिसते. अध्ययन अक्षमता हा श्रीमंतांच्या मुलांचा आजार आहे, हा समज याच दृष्टिभ्रमातून आला.

१९९६ पासूनचा प्रवास

महाराष्ट्रातली सुरुवात मुंबईतून झाली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या पालिका रुग्णालयांतले बालरोगतज्ज्ञ आणि पालकांचे गट यांच्या रेट्यातून १९९६ मध्ये राज्य सरकारने बोर्डाच्या परीक्षेत सवलती मान्य केल्या. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षीची. पुढे सवलती खालच्या इयत्तांत आणि बारावीपर्यंत झिरपल्या. २००७ मध्ये डिस्लेक्सिक मुलावरचा ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि दवाखान्यांत पालकांची रीघ लागली.

या काळात देशाच्या कायद्यात मात्र या मुलांना जागा नव्हती. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार २१ झाले. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. कलम १६ प्रमाणे ती मुलांत लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन उपाय योजणे हे शिक्षणसंस्थांचे काम ठरले. कलम १७ प्रमाणे दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करायची आहे. उच्च शिक्षणात पाच टक्के आणि सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे. मात्र नोकरीतल्या त्या चारांपैकी शेवटचा एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता या सगळ्यांत वाटून घ्यायचा आहे.

कायद्याची भाषा ‘ओळखा आणि शिकवा’ अशी आहे. अंमलबजावणी बव्हंशी ‘तपासा आणि दाखला द्या’ अशी राहिली.

दाखल्याची वाट

केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दाखला साधारण आठ वर्षांच्या वयापासून, म्हणजे तिसरीच्या सुमारास मिळू शकतो. पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी करायची. आधी दृष्टी आणि श्रवण तपासायचे, मग बुद्ध्यांक, मग निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा चाचणीसंच. वैद्यकीय अधिकारी, बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञ यांनी मिळून निर्णय द्यायचा. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या पालकाच्या दृष्टीने तो फेऱ्यांचा हिशेब आहे: एका खेपेत चाचण्या उरकत नाहीत, प्रत्येक फेरीला रोजगार बुडतो, आणि जिल्ह्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खासगी तपासणी परवडणारे कुटुंब एका आठवड्यात अहवाल घेऊन येते.

दुसरी खोच बुद्ध्यांकाची. या तत्त्वांत ८५ च्या वरच्या मुलांचीच पुढची तपासणी होते. ७० च्या खाली बौद्धिक अक्षमता. मधली मुले कुठेच बसत नाहीत, आणि ती संख्येने थोडी नाहीत. शिक्षक त्यांना ‘मंदगती’ म्हणतात आणि शासन काहीच म्हणत नाही. शिवाय वर्षानुवर्षे वाचन न झालेल्या मुलाचा शब्दसंग्रह खुंटतो आणि बुद्धिमापन चाचणीतले गुणही खाली येतात. उशीर झाला की निदानच पुसट होते. कमी वाचायला मिळालेल्या गरीब मुलाला हा फटका जास्त बसतो.

आरोग्य खात्याची एक वाट मध्येच अर्धवट पडली आहे. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळांत जातात आणि त्यांच्या यादीत अध्ययनातील अडचणीही आहेत. पण वजन, दात, डोळे आणि हृदय तपासणाऱ्या पथकाला एका मुलामागे मिळणाऱ्या काही मिनिटांत वाचन कसे तपासता येणार? मुलाचे वाचन रोज ऐकतो तो शिक्षक. चाळणी त्याच्याच हाती हवी.

शाळेत आहे कोण?

समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणासाठी गट साधन केंद्रांवर विशेष शिक्षक नेमलेले असतात. बरीच वर्षे ही माणसे कंत्राटी मानधनावर राबली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे मंजूर करून भरण्यास बजावले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये शाळांच्या केंद्रामागे एक याप्रमाणे विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांचा निर्णय घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढणारेही हेच राज्य. पावले योग्य दिशेची आहेत.

तरी साधा हिशेब मांडू. एका केंद्रात दहा-बारा शाळा. महिन्यात पंचवीस दिवस धरले तर शाळेच्या वाट्याला दोन दिवस. त्या दोन दिवसांत एकवीस प्रकारांतली सगळी मुले. व्हीलचेअरवरचे मूल, ऐकू न येणारे मूल समोर दिसते. तिसऱ्या बाकावर गप्प बसलेले, त्रास न देणारे डिस्लेक्सिक मूल यादीच्या तळाला जाते. आणि ती मुलगी असेल तर आणखी खाली. मुलगा वाचत नाही म्हणून दंगा करतो, तक्रार होते, तपासणी होते. मुलगी वाचत नाही म्हणून घरकामात आणि विडीच्या सुपाजवळ बसते, आणि कारणाच्या रकान्यात ‘अभ्यासात गती नाही’ एवढेच उरते.

पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून राज्यात पुन्हा वार्षिक परीक्षा आली, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. नापास करण्याची भीती घातल्याने वाचता न येणारे मूल वाचू लागत नाही. पूर्वी जो प्रश्न दहावीला उघडा पडे तो आता पाचवीला पडेल. त्या वेळी उपाय तयार असेल तर परीक्षेचा उपयोग झाला म्हणायचे. नसेल तर गळती अलीकडे सरकेल एवढेच.

न्यायालयाने काय दिले

परीक्षेच्या आघाडीवर न्यायालयांनी ठोस काम केले आहे. विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की लिहिण्यात खरी अडचण असेल तर चाळीस टक्के अपंगत्वाची अट लेखनिक नाकारण्यासाठी वापरता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश खटला आला. डिस्ग्राफिया असलेल्या या विद्यार्थिनीला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या केंद्रावर हक्काचा एक तास जादा दिला गेला नव्हता. तिची फेरपरीक्षा झाली नाही, पण झालेला अन्याय दूर करण्याचा मार्ग काढण्यास परीक्षा यंत्रणेला सांगितले गेले आणि वाजवी सोयी या उपकार नसून हक्क आहेत हे ठसले.

या निकालांचे मोल मोठे आहे. ते पोहोचतात मात्र परीक्षेच्या दारापर्यंत आलेल्यांपर्यंत. बारावीच्या पुढे, ‘नीट’पर्यंत, न्यायालयापर्यंत जाणारे डिस्लेक्सिक मूल हे वाटेत न गळालेले मूल आहे.

सवलतींवरचे आक्षेप

दाखल्यांचा गैरवापर होतो, गुण वाढवण्यासाठी नववीत अचानक अक्षमता ‘सापडते’, असे मुख्याध्यापक खासगीत बोलतात. तसे प्रकार होत नसतील असे नाही. पण दाखल्याची किंमत दहावीलाच असेल तर माणसे दहावीच्या तोंडावरच येणार. ज्याची नोंद तिसरीपासून आहे, ज्याला चार वर्षे पूरक शिकवणे मिळाले आहे, त्याच्या दाखल्यावर शंका घ्यायला जागा राहत नाही. लवकर सुरुवात हाच गैरवापरावरचा उतारा आहे.

विषयांतून सूट देण्याबद्दलही थांबून विचार करायला हवा. बीजगणित-भूमितीऐवजी सोपे अंकगणित घेतले की पास होणे सोपे जाते, पण विज्ञान शाखा आणि बहुतेक तांत्रिक वाटा सोळाव्या वर्षीच बंद होतात. ज्याला वाचन जड जाते पण गणित छान येते, अशा मुलालाही कधी कधी घाऊक सल्ल्याने गणित सोडायला लावतात. सूट हा शेवटचा उपाय असावा. वेळ, लेखनिक, गणकयंत्र आणि मोठ्याने वाचून दाखवलेली प्रश्नपत्रिका हे त्याआधीचे.

‘शिक्का मारू नका’ हा आक्षेप भल्या हेतूने येतो. पण शिक्का नसलेल्या मुलाला शिक्का मिळतोच: आळशी, बिनडोक, वाया गेलेले. योग्य नाव मिळाले तर निदान मारणे थांबते.

शिकवणे शक्य आहे

डिस्लेक्सिया ‘बरा’ होत नाही, पण डिस्लेक्सिक मूल वाचायला शिकते, हे जगभरच्या अनुभवाने सिद्ध आहे. लहान गट, रोजचा ठरावीक वेळ, ध्वनीकडून अक्षराकडे पायरीपायरीने जाणे, पाहणे-ऐकणे-गिरवणे एकत्र, आणि भरपूर सराव, एवढे त्याचे सूत्र आहे. मराठीत हे घडवण्यासाठी परदेशी नमुना आणावा लागत नाही. सोलापूरच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत मराठी वाचन शिकवण्याची पद्धत घडवली. मुळाक्षरे अ ते ज्ञ घोकण्याऐवजी मोजकी अक्षरे आणि स्वरचिन्हे घेऊन मूल लगेच अर्थपूर्ण शब्द वाचू लागते. पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ या संस्थेने आदिवासी भागातल्या मुलांसोबत मराठी साक्षरतेवर असेच नेटाचे काम केले आहे. अशी पद्धत सर्वच मुलांना मानवते. डिस्लेक्सिक मुलाला तिच्यावाचून गत्यंतर नसते.

तंत्रज्ञानाचे बीही सोलापुरातच आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि पुढे राज्याच्या पुस्तकांवर ते आले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, तो देशाने साजरा केला. वाचता न येणाऱ्या मुलासाठी धडा ऐकता येणे ही चैन नाही. इतिहास-विज्ञान कानांनी शिकता आले, तर वाचन सुधारेपर्यंत त्याचे बाकीचे शिक्षण थांबून राहत नाही.

हे सारे जोडून सोलापूर जिल्ह्यापुरता कार्यक्रम मांडता येतो. दुसरीच्या शेवटी प्रत्येक शाळेत, मुलाच्या घरच्या भाषेचे भान ठेवून, शिक्षकानेच वाचन आणि संख्याज्ञानाची चाळणी घ्यावी. मागे राहिलेल्या सगळ्या मुलांना, दाखला असो नसो आणि बुद्ध्यांक काहीही असो, तिसरीत रोज अर्धा तास लहान गटात शिकवावे. सहा महिन्यांनी जी मुले तरीही अडलेली दिसतील त्यांनाच सविस्तर तपासणीसाठी पाठवावे. मग तज्ज्ञांवरचा भार आवाक्यात येतो आणि गरिबी व अक्षमता यांची गल्लतही कमी होते. तज्ज्ञांच्या मंडळाने ठरावीक दिवशी तालुक्याला जावे, म्हणजे पालकांची मजुरी बुडणार नाही. तेलुगू आणि उर्दूतल्या चाचण्यांसाठी शेजारी तेलंगणाशी हात मिळवावा. केंद्राच्या विशेष शिक्षकाने मुलांच्या याद्या भरण्यापेक्षा वर्गशिक्षकांना शिकवण्याची रीत दाखवावी.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. कलम १६ मध्ये शब्द आहेतच: लवकर ओळखा आणि योग्य अध्यापन उपाय करा. जिल्ह्यातल्या किती मुलांना दहावीत सवलत मिळाली, हा आकडा दरवर्षी काढता येतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा छापावा: त्यांपैकी किती जणांची अडचण तिसरीत नोंदवली गेली होती आणि किती जणांना त्यानंतर शिकवले गेले. धोरण चालते आहे की नाही, हे त्या दुसऱ्या आकड्यावरून कळेल.